बहुमत, पक्षातले गट आणि पक्षांतरबंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात 2019 पासून ‘बहुमत चाचणी’, ‘व्हीप’, ‘गटनेता’, ‘अपात्रता’ हे शब्द घरोघरी पोहोचले. त्यामागचे नियम मात्र बातम्यांत तुकड्यातुकड्यांनी येतात. इथे ते सलग मांडले आहेत. उदाहरणं महाराष्ट्र आणि गोव्यातली जास्त आहेत, कारण या कायद्याचे बरेचसे अवघड प्रश्न याच दोन विधानसभांत उभे राहिले.

288 आमदारांच्या विधानसभेत सरकारला 145 मतं लागतात ना?

सगळे आमदार निवडून आलेले असतील आणि सगळे मतदानाला हजर असतील, तर लागतात. पण राज्यघटनेत 145 हा आकडा कुठेच नाही. कलम 189 नुसार सभागृहातला निर्णय हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने होतो. अध्यक्ष एरवी मत देत नाहीत. दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच त्यांचं निर्णायक मत पडतं.

एकनाथ शिंदे सरकारचा 4 जुलै 2022 चा विश्वासदर्शक ठराव पाहा. बाजूने 164, विरोधात 99. मत देणारे एकूण 263, म्हणजे त्या दिवशी 132 मतं पुरेशी होती. म्हणून बहुमताच्या मतदानात गैरहजर राहणं किंवा तटस्थ राहणं याचा सरळ फायदा ज्याचा आकडा मोठा आहे त्याला होतो. 145 ची गरज कमी करायची तर विरोधी आमदाराने आपल्या बाजूने मत द्यायलाच हवं असं नाही. तो घरी राहिला तरी काम भागतं. ऐन मतदानाच्या दिवशी आमदार ‘वाहतुकीत अडकतात’ तेव्हा हे गणित डोक्यात ठेवावं.

उलट टोकाचं उदाहरण 17 एप्रिल 1999 चं. लोकसभेत वाजपेयी सरकारच्या बाजूने 269 आणि विरोधात 270 मतं पडली. एका मताने सरकार गेलं.

गणपूर्ती, म्हणजे कामकाज चालायला लागणारी किमान हजेरी, दहा सदस्य किंवा एकूण सदस्यसंख्येचा दहावा भाग, यांतलं जे जास्त असेल ते. महाराष्ट्रात हा आकडा 29 होतो. म्हणजे एखादं साधं विधेयक 29 जणांच्या हजेरीत 15 मतांनीही मंजूर होऊ शकतं.

प्रत्येक निर्णयाला हाच नियम आहे का?

नाही. अध्यक्षांना पदावरून काढायचं असेल तर 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि त्या वेळच्या सर्व सदस्यांच्या बहुमताने ठराव व्हावा लागतो. इथे गैरहजर माणूस आपोआप अध्यक्षांच्या बाजूने धरला जातो. घटनादुरुस्तीला संसदेच्या प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत, अशा दोन्ही अटी पुऱ्या कराव्या लागतात. राज्यांचे अधिकार, उच्च न्यायालयं यांसारख्या काही विषयांत त्यावर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. निर्णय जितका परत फिरवायला कठीण, तितकी पायरी उंच ठेवली आहे.

पक्षातले गट हीच सगळ्या गोंधळाची मुळं आहेत. मग गटांवरच बंदी का घालत नाहीत?

कारण गट लोकांच्या खऱ्या हितसंबंधांतून तयार होतात. धरणाच्या वरच्या अंगाच्या आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांचं पाणीवाटपावर एकमत होणार नाही. ऊस घालणारा आणि साखर कारखाना चालवणारा यांचं दरावर जमणार नाही. विदर्भ-मराठवाड्याचा अनुशेष आणि मुंबईची मेट्रो एकाच अर्थसंकल्पातून पैसे मागतात. हे मतभेद सभागृहात आले नाहीत तर रस्त्यावर येतील. कलम 19 ने संघटना करण्याचा हक्क दिला आहे तोही याच समजुतीने.

खरी अडचण वेगळी आहे आणि ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1940 च्या दशकातच नेमकी दाखवली होती. राजकीय बहुमत घडतं, मोडतं आणि पुन्हा वेगळं घडतं. आज अल्पमतात असलेला उद्या बहुमतात जाऊ शकतो, म्हणून तो आजची हार मानून घेतो. जातीचं किंवा धर्माचं बहुमत जन्माने ठरतं आणि बदलत नाही. ते राज्य करू लागलं की अल्पसंख्याकाला उद्याची आशाच उरत नाही. म्हणून गट किती आहेत यापेक्षा ते बदलू शकतात का, आणि त्यांची मोजणी उघड होते का, हे दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या दोन प्रश्नांभोवतीच फिरतात.

मग पक्षांतरबंदी कायदा कशासाठी आला?

1967 च्या निवडणुकांनंतर अनेक राज्यांत सरकारं आमदारांच्या ये-जा करण्याने पडू लागली. हरियाणात गया लाल या आमदाराने पंधरवड्यात तीनदा बाजू बदलली आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द देशभर रूढ झाला. 1985 मध्ये 52 व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली. पक्षाच्या नावावर आणि चिन्हावर निवडून यायचं आणि मग पक्ष सोडायचा, तर आमदारकीही सोडावी लागेल, असा तिचा गाभा.

आमदार नेमका कशामुळे अपात्र ठरतो?

दोन मुख्य कारणं आहेत.

एक, त्याने स्वेच्छेने पक्षाचं सदस्यत्व सोडलं. यासाठी राजीनाम्याचा कागद लागत नाही. गोव्यातल्या रवी नाईक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये सांगितलं की वागणुकीवरूनही सदस्यत्व सोडल्याचा निष्कर्ष काढता येतो. विरोधी नेत्यांसोबत राज्यपालांकडे जाऊन त्यांच्या सरकारला पाठिंबा सांगणं, हे अशा वागणुकीचं नेहमीचं उदाहरण. पक्षात राहून नेतृत्वावर टीका करणं एवढ्याने मात्र सदस्यत्व सुटत नाही. दोन्हींमधली रेघ पुसट आहे आणि बहुतेक याचिका तिथेच लढवल्या जातात.

दोन, त्याने पक्षाच्या आदेशाविरुद्ध (व्हीपविरुद्ध) मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिला. यात दोन सुटका आहेत. आधी परवानगी घेतली असेल, किंवा पक्षाने 15 दिवसांच्या आत ते माफ केलं असेल, तर अपात्रता लागत नाही. हे 15 दिवस वाटाघाटीचे दिवस असतात, म्हणून याचिका बरेचदा सोळाव्या दिवसानंतर दाखल होते.

अपक्ष आमदार निवडून आल्यावर कोणत्याही पक्षात गेला तर लगेच अपात्र ठरतो. पक्षात न जाता सरकारला बाहेरून पाठिंबा दिला तर चालतं. नामनियुक्त सदस्याला पक्षात जायला शपथेपासून सहा महिन्यांची मुभा आहे. पक्षाने हाकललेला आमदारही या कायद्यापुरता त्याच पक्षाचा धरला जातो. तो दुसऱ्या पक्षात गेला तर अपात्रतेला सामोरा जातो.

राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार पक्षाला मत दाखवून देतात, तरी त्या मतामुळे दहाव्या अनुसूचीखाली अपात्रता येत नाही, कारण ते सभागृहाच्या कामकाजातलं मतदान धरलं जात नाही.

व्हीप मोडला की आमदारकी जाते, मग आमदाराने स्वतःचं डोकं वापरायचं तरी कधी?

हा या कायद्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि तो बरोबर आहे. 1992 च्या किहोटो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण अपात्रतेची टांगती तलवार सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मूळ धोरणाशी जोडलेल्या मतदानापुरतीच असावी असं म्हटलं होतं. प्रत्यक्षात पक्ष जवळपास सगळ्याच महत्त्वाच्या विधेयकांवर व्हीप काढतात. मतदारसंघात एखाद्या प्रकल्पाला विरोध असलेला आमदार सभागृहात त्याच प्रकल्पाच्या विधेयकाला हात वर करतो याचं कारण हेच. व्हीप फक्त विश्वासाचा ठराव, अविश्वास प्रस्ताव आणि अर्थविषयक विधेयकांपुरता ठेवावा ही सूचना अनेक वर्षं पडून आहे. ती मान्य झाली तर सरकार स्थिर राहील आणि इतर विधेयकांवर आमदारांना खरी चर्चा करता येईल.

व्हीप काढतो कोण? फुटलेल्या पक्षात दोन प्रतोद असतील तर?

आदेश राजकीय पक्षाचा असतो. प्रतोद फक्त तो पोहोचवतो. जून 2022 च्या शिवसेना फुटीवरच्या 11 मे 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे स्पष्ट केलं. विधिमंडळातल्या आमदारांच्या गटाने आपल्या मर्जीने गटनेता आणि प्रतोद नेमायचा आणि मूळ पक्ष बाजूला ठेवायचा, हे चालणार नाही. त्या वेळच्या अध्यक्षांनी भरत गोगावले यांना शिवसेनेचे प्रतोद म्हणून दिलेली मान्यता न्यायालयाने बेकायदा ठरवली.

पण मग मूळ पक्ष कोणता, हा प्रश्न अध्यक्षांकडे परत आला. त्यांनी 10 जानेवारी 2024 रोजी निर्णय दिला. फूट पडली तेव्हा 55 पैकी 37 आमदार एकनाथ शिंदे यांच्यासोबत होते, या बहुमताला त्यात मोठं वजन मिळालं आणि शिंदे गट हाच पक्ष ठरला. त्यामुळे गोगावले यांचा व्हीपही वैध धरला गेला. दोन्ही बाजूंच्या आमदारांपैकी कोणीच अपात्र ठरलं नाही. आमदारांच्या संख्येवरून पक्ष ओळखायचा म्हटलं, की पक्ष आमदारांपेक्षा मोठा आहे हे तत्त्व कागदावरच उरतं. या निर्णयातला आमच्या मते सर्वांत कच्चा दुवा तो आहे.

दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले तर काही होत नाही, हे खरं का?

अर्धं खरं. 1985 च्या मूळ कायद्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ मानली जायची आणि संरक्षण मिळायचं. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ते कलम काढून टाकलं. आता फुटीला संरक्षण नाही, कितीही जण फुटले तरी. संरक्षण आहे ते विलीनीकरणाला: मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन व्हावा आणि विधिमंडळ पक्षाच्या किमान दोन तृतीयांश सदस्यांनी त्याला संमती द्यावी.

जून 2022 मध्ये ‘37 चा आकडा’ रोज ऐकू येत होता तो यातूनच. 55 चे दोन तृतीयांश 36.67, म्हणून 37. पण 37 जमले तरी कोणत्या तरी पक्षात विलीन व्हावंच लागतं. शिंदे गट विलीन झाला नाही, त्याने ‘आम्हीच पक्ष’ असा दावा केला. त्या दाव्याचा रस्ता वेगळा आहे, तो वर आला.

गोव्यात मात्र विलीनीकरणाचाच रस्ता वापरला गेला. मार्च 2019 मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या तीन आमदारांपैकी दोघे भाजपमध्ये गेले. तिघांचे दोन तृतीयांश म्हणजे दोघे, अट पुरी. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी तेच केलं. मूळ काँग्रेस पक्ष कुठेही विलीन झाला नव्हता, तरी अध्यक्षांनी एप्रिल 2021 मध्ये याचिका फेटाळल्या आणि फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने दोन तृतीयांश आमदारांची संमती पुरेशी मानली. सप्टेंबर 2022 मध्ये 11 पैकी 8 आमदार पुन्हा त्याच वाटेने गेले.

यातून दोन गोष्टी दिसतात. कायदा एकट्यादुकट्याला शिक्षा करतो आणि घाऊक पक्षांतराला वाट देतो. आणि सभागृह जितकं लहान, पक्ष जितका छोटा, तितकी ही वाट स्वस्त. दोघांना वळवणं आणि 37 जणांना वळवणं यांत फार अंतर आहे. छोट्या पक्षाच्या मतदाराला या कायद्याचं संरक्षण सर्वांत कमी मिळतं.

राजीनामा देऊन पक्ष बदलला तर कायदा लागू होत नाही ना?

2019 मध्ये कर्नाटकात हेच झालं. काँग्रेस आणि जनता दलाच्या आमदारांनी राजीनामे दिले. सभागृहातली हजेरी घटली, बहुमताचा आकडा खाली आला आणि 23 जुलैला कुमारस्वामी सरकार 99 विरुद्ध 105 ने पडलं. अध्यक्षांनी 17 जणांना अपात्र ठरवलं आणि विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवायलाही मनाई केली. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण निवडणूकबंदी रद्द केली. डिसेंबरच्या पोटनिवडणुकांत त्यांच्यापैकी बरेच जण नव्या पक्षाच्या चिन्हावर पुन्हा निवडून आले.

अध्यक्षांनी राजीनामा तपासायचा असतो तो तो स्वेच्छेचा आणि खरा आहे का एवढ्यापुरता. 91 व्या दुरुस्तीने एक अडसर घातला आहे: अपात्र ठरलेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत किंवा त्याची मुदत संपेपर्यंत मंत्रिपद किंवा सरकारी पगाराचं राजकीय पद घेता येत नाही. पोटनिवडणूक जिंकली की तो अडसर दूर होतो.

अपात्रतेचा निर्णय अध्यक्ष का घेतात? आणि इतका वेळ का लागतो?

दहाव्या अनुसूचीत तो अधिकार अध्यक्षांना दिला आहे. विधान परिषदेत तो सभापतींना आहे. न्यायालयांना पूर्ण मज्जाव करणारं त्यातलं कलम 1992 मध्येच रद्द झालं, म्हणून अध्यक्षांच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. पण निर्णयच दिला नाही तर? तिथेच घोडं अडतं, कारण अनुसूचीत मुदत लिहिलेली नाही. अध्यक्ष बहुमताच्या पाठिंब्यावर निवडून आलेले असतात, आणि याचिका बहुतेक वेळा त्या बहुमताच्याच हिताच्या किंवा अहिताच्या असतात.

2020 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साधारण तीन महिन्यांत निर्णय व्हावा असं सांगितलं आणि हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावं अशी सूचनाही संसदेला केली. 31 जुलै 2025 रोजी तेलंगणाच्या प्रकरणात न्यायालयाने अध्यक्षांना पुन्हा तीन महिन्यांची मुदत घालून दिली. महाराष्ट्रात जून 2022 च्या याचिकांवर निर्णय जानेवारी 2024 मध्ये आला. अठरा महिन्यांहून जास्त वेळ, आणि तेवढ्या काळात सरकारने एक अख्खा अर्थसंकल्प मांडून मंजूर करून घेतला असेल तर उशिरा आलेला निर्णय कोणाच्या उपयोगाचा, हा प्रश्न उरतोच.

अध्यक्षांविरुद्ध हटवण्याची नोटीस आली असेल तर त्यांनी अपात्रतेवर निर्णय द्यावा का, हा आणखी एक पेच आहे. 2016 च्या अरुणाचल प्रकरणात ‘देऊ नये’ असं उत्तर मिळालं. मग अपात्रतेची भीती असलेले आमदार आधी नोटीस देऊन अध्यक्षांचे हात बांधू लागले. जून 2022 मध्ये उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याबाबत हाच वाद झाला. 2023 मध्ये घटनापीठाने हा मुद्दा सात न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला.

राज्यपाल बहुमत सिद्ध करायला कधी सांगू शकतात?

1994 च्या बोम्मई निकालापासून नियम पक्का आहे: सरकारला बहुमत आहे की नाही याची परीक्षा सभागृहातच व्हावी, राजभवनाच्या दिवाणखान्यात नाही. पण परीक्षा बोलावण्यासाठीही वस्तुनिष्ठ कारण लागतं. 2022 मध्ये राज्यपालांनी 30 जूनला चाचणी घ्यायला सांगितलं. 2023 च्या निकालात न्यायालयाने हे पाऊल समर्थनीय नसल्याचं म्हटलं, कारण पक्षातली अंतर्गत भांडणं सोडवणं हे राज्यपालांचं काम नाही आणि पाठिंबा काढल्याचं ठोस पत्र त्यांच्यापुढे नव्हतं. तरीही जुनं सरकार परत आणता आलं नाही, कारण उद्धव ठाकरे यांनी 29 जूनच्या रात्री चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता. हरणार हे दिसत असतानाही मतदान का होऊ द्यावं, याचं कायदेशीर कारण यात आहे. नोंदलं गेलेलं मत न्यायालय तपासू शकतं, दिलेला राजीनामा मागे घेता येत नाही.

चाचणी कशी घ्यावी याचा चांगला नमुना नोव्हेंबर 2019 चा. 23 तारखेला पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला. 26 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने चार गोष्टी ठरवून दिल्या: हंगामी अध्यक्ष नेमा, 27 तारखेला संध्याकाळी पाचच्या आत आमदारांना शपथ द्या, त्यानंतर लगेच गुप्त मतदान न घेता चाचणी घ्या, आणि थेट प्रक्षेपण करा. आदेश येताच त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. गोव्यात मार्च 2017 मध्ये काँग्रेसच्या 17 जागा होत्या, भाजपच्या 13. न्यायालयाने 16 तारखेला चाचणी ठेवली आणि पर्रीकर सरकारने ती 22 विरुद्ध 16 ने जिंकली. मोठा पक्ष आणि बहुमत या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे दिसलं. मुदत जितकी कमी तितका हॉटेलांत आमदार कोंडून ठेवण्याचा काळ कमी, म्हणून 24 ते 48 तासांची मुदत हिताची.

आवाजी मतदानाने विश्वास ठराव जिंकता येतो का?

नियमात बसतं. 12 नोव्हेंबर 2014 रोजी फडणवीस सरकारचा विश्वास ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला तेव्हा भाजपचे 121 आमदार होते आणि वाद पेटला. विरोधकांनी मतविभागणीची मागणी वेळेत, म्हणजे अध्यक्षांनी निकाल जाहीर करण्याआधी आणि ऐकू जाईल अशी केली की नाही, यावर सगळं ठरलं. मागणी वेळेत झाली तर प्रत्येक आमदार उभा राहतो, नाव आणि क्रमांक नोंदला जातो. विश्वासाच्या ठरावावर शिरगणती सक्तीची करावी, मागणी होवो न होवो, असं आमचं ठाम मत आहे. सरकार किती जणांवर उभं आहे हे जनतेला नावानिशी कळलं पाहिजे.

पक्ष फुटला तर चिन्ह कोणाला मिळतं?

ते निवडणूक आयोग ठरवतो, 1968 च्या चिन्हांबाबतच्या आदेशातल्या परिच्छेद 15 खाली. आयोग पक्षाची उद्दिष्टं, पक्षाची घटना आणि संघटनेत व विधिमंडळात कोणाकडे बहुमत आहे हे तपासतो. 1969 च्या काँग्रेस फुटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताची कसोटी मान्य केली. अलीकडे पक्षाच्या घटनेची आणि पदाधिकाऱ्यांच्या निवडीची कागदपत्रं अपुरी किंवा लोकशाहीविरोधी निघाली, की आयोग आमदार-खासदारांच्या संख्येवर येऊन थांबतो. 17 फेब्रुवारी 2023 चा शिवसेनेचा आणि 6 फेब्रुवारी 2024 चा राष्ट्रवादीचा निर्णय असाच आला. कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याने यातून एक काम लिहून घ्यावं: पक्षांतर्गत निवडणुका खऱ्या घ्या, इतिवृत्त ठेवा, घटनेतली प्रत्येक दुरुस्ती आयोगाकडे पोचवून पोच घ्या.

बहुमत हातात असलं की विरोधकांना गप्प करता येतं का?

5 जुलै 2021 रोजी महाराष्ट्र विधानसभेने भाजपच्या 12 आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं. 28 जानेवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य ठरवलं. कारण समजून घेण्यासारखं आहे. जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते. निलंबनात जागा रिकामी होत नाही, पण त्या मतदारसंघाला आवाजही उरत नाही. म्हणजे ती हकालपट्टीपेक्षा वाईट शिक्षा. शिवाय काठावरचं सरकार विरोधक कमी करून आपलं बहुमत फुगवू शकतं. निकाल तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांच्या विरोधात गेला, पण त्याचं संरक्षण आजच्या विरोधकांनाही आहे.

इतर काही आडकाठ्याही आहेत. मंत्रिमंडळ सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांहून मोठं करता येत नाही, म्हणून महाराष्ट्रात मुख्यमंत्री धरून 43 च मंत्री. लहान राज्यांना किमान 12 ची सूट आहे, त्यामुळे गोव्याच्या 40 आमदारांत 12 मंत्री होऊ शकतात आणि फुटणाऱ्या गटाला देण्यासारखं तिथे जास्त असतं. विधान परिषद विधेयक आधी तीन महिने आणि पुन्हा एक महिना रोखू शकते, पाडू शकत नाही. मूलभूत हक्कांविरुद्धचा कायदा न्यायालय रद्द करू शकतं आणि 1973 च्या केशवानंद भारती निकालापासून घटनेची मूळ चौकट कितीही बहुमताने मोडता येत नाही.

विरोधी पक्षनेत्याला दहा टक्के आमदार लागतात का?

तो मावळंकर लोकसभेचे अध्यक्ष होते तेव्हापासूनचा संकेत आहे. महाराष्ट्राच्या 1978 च्या कायद्यात दहा टक्क्यांची अट नाही: विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा, अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, एवढंच आहे. 2024 च्या निकालात शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) 20, काँग्रेस 16, राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) 10 असे आकडे आले आणि 29 कोणाकडेच नव्हते. दिल्लीत 2015 मध्ये 70 पैकी फक्त 3 आमदार असलेल्या भाजपला हे पद मिळालं होतं. म्हणजे द्यायचं ठरवलं तर देता येतं.

पैसे घेऊन मत दिलं तर विशेषाधिकार वाचवतो का?

आता नाही. 1993 च्या अविश्वास प्रस्तावावेळी लाच घेतल्याच्या प्रकरणात 1998 मध्ये खासदारांना संरक्षण मिळालं होतं. 4 मार्च 2024 रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते एकमताने मोडीत काढलं. लाच स्वीकारली की गुन्हा पूर्ण होतो, मग मत कसंही दिलेलं असो. राज्यसभेच्या निवडणुकीतल्या मतालाही हेच लागू आहे.

नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य आणि सरपंच यांना काय लागू होतं?

दहावी अनुसूची त्यांना लागू नाही. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठी महाराष्ट्राचा 1986 चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम आहे. निवडणुकीनंतर गटाची नोंदणी महापालिकेसाठी विभागीय आयुक्तांकडे, इतरांसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे होते. नोंदणीच्या अर्जात सह्या, गटनेत्याचं नाव आणि सभेचं इतिवृत्त नीट नसेल तर पुढे व्हीप टिकत नाही. व्हीप बजावल्याचा पुरावाही लागतो. नुसता फोन किंवा सभागृहाच्या दारात दिलेला तोंडी निरोप सुनावणीत उभा राहत नाही, म्हणून लेखी प्रत हातात देऊन सही घ्यावी, नाकारली तर दोन साक्षीदारांसमोर पंचनामा करून दारावर डकवावी.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, त्यामुळे तिथे पक्षांतराचा प्रश्नच येत नाही. अविश्वास ठराव मात्र येतात. त्यासाठीची विशेष सभा तहसीलदार बोलावतात. थेट जनतेतून निवडलेल्या सरपंचाविरुद्ध सदस्यांच्या तीन चतुर्थांश बहुमताने ठराव झाला तरी तो विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने मान्य व्हावा लागतो. गावाने निवडलेल्या माणसाला चार सदस्यांनी परस्पर काढू नये, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. आमदाराला मुदतीआधी परत बोलावण्याची अशी कोणतीही सोय मतदाराला नाही.